एर्मेते खाटकाचा कबुलीजबाब

मंगळवारी सकाळी दिर्चेच्या बारमध्ये पेपर आला. मास्तर झानेल्लांनी तो उघडला, पहिल्या पानावरची बातमी वाचली, आणि त्यांचा चष्मा नाकावरून सुटून सरळ कॉफीत पडला. बोर्गोनेरो फुटबॉल क्लबच्या तीन खेळाडूंच्या लघवीत स्नायू फुगवणारे, बंदी घातलेले पुरुषी हार्मोनचे औषध सापडले होते. तिघेही बचावफळीतले, आणि त्यांतला एक साक्षात कप्तान, डेनिस मारांगोन.

"मास्तर, आधी चष्मा काढा, मग रडा," दिर्चे गल्ल्यामागून म्हणाली.

"रडू नको तर काय करू? मेलो आपण, दिर्चे. गाव मेलं."

मास्तरांना वाढवून बोलायची सवय असली तरी या वेळी ते फार चुकत नव्हते. आमच्या बोर्गोनेरोत दुसरे काही उरलेलेच नाही. साखर कारखाना बंद पडला, थिएटर बंद पडले, आगगाडी थांबते पण चढायला कोणी नसते. धुके तेवढे अर्धे वर्ष इमानदारीने हजर असते. राहता राहिला क्लब. तिसऱ्या विभागात का होईना, पण दर रविवारी सगळे गाव निळे-पिवळे मफलर गळ्यात घालून एका ठिकाणी जमत होते आणि पंचाला एकदिलाने शिव्या घालत होते. मास्तर त्या चाहता मंडळाचे अध्यक्ष. यंदा संघ चक्क वरच्या विभागात जायच्या बेतात होता, आणि नेमकी आताच ही लघवी आडवी आली.

आमच्या इटलीत एरवी प्रत्येक माणूस फुटबॉलचा प्रशिक्षक असतो. त्या दिवशी दहा वाजेपर्यंत प्रत्येक माणूस वकील झाला.

"मोंताल्बासोवाल्यांनी बाटल्या बदलल्या!" ट्रकवाला तुल्लियो टेबलावर मूठ आपटून ओरडला. मोंताल्बासो म्हणजे नदीपलीकडचे गाव. आमच्याकडे गारा पडल्या तरी त्यात त्यांचाच हात असतो. "सामना त्यांच्याशी, मैदान त्यांचं, संडास त्यांचा. यापुढे आणखी काय पुरावा पाहिजे?"

"बाटलीवर लाख लावून शिक्का मारतात, तुल्लियो."

"मग शिक्का मारणारा त्यांचा!"

कोणी म्हणाले खोकल्याचे औषध घेतले असेल. कोणी म्हणाले डेनिसची बायको केस वाढायच्या गोळ्या खाते, मुका घेताना पोटात गेले असेल. "आणि बाकीच्या दोघांच्या?" असे कुणीतरी विचारले, तेव्हा तो मुद्दा नाजूक आहे म्हणून सोडून देण्यात आला.

"आणि मी म्हणते, घेतलंच असलं तर?" दिर्चेने कप पुसत विचारले.

"दिर्चे," मास्तर गंभीरपणे म्हणाले, "या बारमध्ये असली भाषा चालत नाही."

"बार माझा आहे, मास्तर."

"म्हणून तर नुसतं सांगतोय. दुसरं कोणी असतं तर बाहेर काढलं असतं."

कोपऱ्यात वकील स्कार्पारी बसले होते. एरवी शेतांच्या बांधांची आणि नवरा-बायकोची भांडणे लढवणारा माणूस. पण क्लबचे काम ते फुकट करीत आणि बदल्यात मुख्य स्टँडमध्ये बायकोपासून दूर एक खुर्ची घेत. त्यांनी पेपर घडी करून ठेवला.

"नीट ऐका," ते म्हणाले. "खेळाडूंना बंदी होईल ती होईल. पण कायदा क्लबलाही धरतो. तुमच्या खेळाडूनं केलं, तुम्हाला माहीत असो वा नसो, भोगायचं तुम्ही. गुण कापणार. गुण कापले की आपण वर तर जात नाहीच, सरळ खाली. आणि खाली गेलो की क्लबला पैसे पुरवणारा आपला फरशीवाला शेठ हात वर करणार. त्यानं हात वर केले की क्लब बंद."

"सोडवायचा काही मार्ग?"

"एकच. औषध पोटात गेलं, पण नकळत गेलं, असं दाखवायचं. खाण्यातून वगैरे. पण तिघांनीही एकच काहीतरी खाल्लेलं हवं, आणि ते देणाऱ्यानं पुढं येऊन कबूल केलं पाहिजे. आता असा माणूस कुठून आणणार?"

नेमका त्याच क्षणी एर्मेते आत आला.

एर्मेतेचे घोड्याच्या मांसाचे दुकान चर्चच्या समोर. आजोबांचे, मग वडिलांचे, मग त्याचे. आमच्याकडे पोर फिकट दिसू लागले, बाळंतीण उठेना, म्हातारा धापा टाकू लागला की डॉक्टरच सांगतात, "एर्मेतेकडे जा." आणि दर गुरुवारी सरावानंतर हा एर्मेते ताज्या घोड्याचा कच्चा खिमा, वर लिंबू, तेल आणि मिरपूड घालून, मोठ्या परातीत घेऊन क्लबच्या कपडे बदलायच्या खोलीत जायचा. पोरेबाळे नव्हती त्याला. ती अकरा आणि राखीव सात हीच त्याची पोरे. खिमा फुकट असे. नुसते दारात उभे राहून ते खातात की नाही हे बघायचे, एवढीच त्याची कमाई.

तो आला तोच रक्ताळलेल्या एप्रनसकट, संतापाने लाल होऊन. "कोण म्हणतं माझ्या पोरांनी औषध घेतलं? त्यांना कशाला औषध? माझा खिमा खातात ती! मारांगोन आला तेव्हा काडी होती नुसती काडी, आज बघा मांड्या! त्या मांड्या माझ्या दुकानातून गेल्यात! जे काय बळ आहे त्या पोरांच्या अंगात, ते माझ्या मांसाचं आहे!"

वकील स्कार्पारींनी चष्मा वर केला. "एर्मेते, तिघंही खातात?"

"तिघं? सगळे! परात चाटूनपुसून!"

"त्या सामन्याच्या आदल्या गुरुवारी?"

"त्या गुरुवारी तर डेनिसनं दोनदा घेतलं!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. एर्मेतेला कळले तेव्हा सगळे त्याच्याकडे बघत होते. मास्तरांनी उठून त्याला स्वतःची खुर्ची दिली. तीस वर्षांत त्यांनी ती कोणाला दिली नव्हती.

"शर्यतीतून काढलेले घोडे घेता ना तुम्ही कधीकधी?" वकिलांनी हळूच विचारले. "धावणाऱ्या घोड्यांना इंजेक्शनं देतात म्हणे."

"माझ्या घोड्यांना नाही!" एर्मेते उठला, त्याने खुर्ची लाथेने उडवली आणि निघून गेला.

संध्याकाळी शिष्टमंडळ त्याच्या घरी गेले. मास्तर, वकील, तुल्लियो, आणि दिर्चेने दिलेला केक. दार एर्मेतेच्या बायकोने, ओनोरिनाने उघडले. केक घेतला आणि दार लावून घेतले. मग मास्तर खिडकीखाली उभे राहून बोलू लागले.

"एर्मेते, एक शब्द! नुसतं म्हण की एखादा घोडा तसा असेल. 'असेल' म्हण. 'होता' म्हणू नकोस!"

"माझ्या आजोबांचं नाव आहे पाटीवर!"

"आजोबा आज असते तर त्यांनी क्लबसाठी कबूल केलं असतं!"

"आजोबा सायकल-शर्यती बघायचे, मास्तर!"

"अरे, पोरं म्हणतोस ना तू त्यांना? मग बाप पोरांसाठी एवढं करत नाही?"

यावर ओनोरिनाने खिडकी उघडून मास्तरांच्या डोक्यावर भांडी धुतलेले पाणी ओतले. तीस वर्षे ती दुकानाच्या गल्ल्यावर बसत होती. कोणाचा डाव कुठे चाललाय हे तिला नवऱ्याआधी कळायचे.

एर्मेते तसा हलला नसता. त्याला हलवले मोंताल्बासोवाल्यांनी. गावात कोणी वारले की आमच्याकडे काळ्या चौकटीचा कागद भिंतीवर लावतात: नाव, वय, अंत्ययात्रा कधी, दुःखी कोण. दुसऱ्या दिवशी सकाळी एर्मेतेने दुकानाचे शटर वर केले, तर समोर चर्चच्या भिंतीवर तसाच नवा कागद. काळी चौकट, वर क्रूस, आणि खाली: "बोर्गोनेरो फुटबॉल क्लब. अल्पशा इंजेक्शनाने दुःखद निधन. फुले आणू नयेत, सुया पुरेशा आहेत." सकाळच्या प्रार्थनेला आलेली एक म्हातारी चष्म्याविना तो कागद वाचायचा प्रयत्न करीत होती. तिला काहीच दिसले नाही, पण काळी चौकट दिसली. तिने छातीवर क्रूसाची खूण केली आणि एर्मेतेला विचारले, "कोण रे बाळ गेलं? आपल्यातलं का?"

"आपल्यातलंच," एर्मेते म्हणाला आणि भर रस्त्यात रडायला लागला.

दुपारी तो वकिलांकडे गेला. "काय म्हणायचं ते सांगा. म्हणतो."

पुढच्या दिवशी पेपरात मोठ्या अक्षरांत आले: घोड्याच्या खिम्यात औषध, खाटकाची कबुली. वकिलांनी "असेल" सांगितले होते, पेपरवाल्यांनी "होते" छापले. रविवारी मैदानात एर्मेतेच्या नावाचा चादरीएवढा फलक फडकला. तुल्लियोने त्याला खांद्यावर घेतले, सगळे स्टँड उभे राहून त्याचे नाव गर्जत होते. एर्मेतेने आयुष्यात इतके सुख पाहिले नव्हते. ते रविवारपुरतेच होते.

सोमवारी दुकानात कोणी आले नाही. मंगळवारी एक बाई आली, वजनकाट्याकडे बघून "विसरलेच मी" म्हणाली आणि गेली. मास्तर झानेल्ला, ज्यांची बायको चाळीस वर्षे तिथूनच नेत होती, ते समोरच्या फुटपाथवरून मान खाली घालून जाऊ लागले.

"मास्तर!" एर्मेतेने हाक मारली. "मागचा नरम भाग ठेवलाय तुमच्यासाठी!"

"अरे, डॉक्टरनं मांस बंद केलंय," मास्तर पळता पळता म्हणाले. "सगळंच बंद केलंय." त्यांच्या पिशवीतून मोठ्या दुकानातल्या वासराच्या मांसाचा पुडा डोकावत होता.

"खोटं आहे ते, मास्तर! तुम्हीच तर सांगायला लावलंत!"

"मला माहीत आहे रे. पण बायको म्हणते, आग असल्याशिवाय धूर निघत नाही."

मग लोकांना आठवू लागले. एका बाईच्या तेरा वर्षांच्या मुलीला ओठावर लव आली होती; ती पोरीला घेऊन दुकानासमोर उभी राहिली आणि तिने सगळ्या गावाला तो ओठ दाखवला. तिच्या आजीलाही मिशा होत्या हे कोणीतरी बोलले, तर ती म्हणाली, "मग? आजीनंही याच्याच बापाकडचं खाल्लं होतं!" एका माणसाला आपली तीन लग्ने का मोडली याचा उलगडा झाला. पाद्रीबुवांनी रविवारच्या प्रवचनात नाव न घेता लोभावर बोलायचे ठरवले, आणि नाव न घेता तीन वेळा चर्चच्या समोर बोट दाखवले.

गिऱ्हाईक म्हणाल तर आले, पण मागच्या दाराने. मोंताल्बासोच्या व्यायामशाळेतली चार धिप्पाड पोरे. "काका, पेपरात आलं ते मांस आहे का? असेल तर चार किलो द्या. नसेल तर कधी येणार ते सांगा." एर्मेते सुरा घेऊन त्यांच्या मागे चौकापर्यंत धावला. त्याची वेगळी तक्रार झाली.

मग आरोग्य खात्याची माणसे आली. शीतखोलीला मोहर लागली, नमुने गेले, पाटीवर कागद चिकटला. मागोमाग सरकारी वकिलांनी खटला भरला: खाण्याच्या वस्तूत भेसळ, लोकांच्या जिवाशी खेळ. एर्मेते धावत स्कार्पारींकडे गेला.

"तुरुंग होईल म्हणतात हो!"

"होऊ शकतो," स्कार्पारी म्हणाले. "पण घाबरू नका. मी फौजदारी बघत नाही."

"मग?"

"म्हणून तर म्हणतो, घाबरू नका. माझ्यापेक्षा चांगला माणूस देतो. फक्त क्लबच्या सुनावणीपर्यंत शब्द फिरवू नका. फिरवलात तर दोन्ही बुडतील, क्लब आणि तुम्ही. नाही फिरवलात तर एकच बुडेल."

कोणते एक, ते एर्मेतेने विचारले नाही.

ओनोरिना बॅग भरत होती. "तीस वर्षं मी गिऱ्हाइकाला सांगितलं, बिनधास्त न्या, पोराला द्या. आता कोणत्या तोंडानं उभी राहू? बहिणीकडे जाते."

"अगं, पोरांसाठी केलं."

"कोणाची पोरं, एर्मेते? कधी आलं का त्यातलं एक तरी घरी? नाताळला? तुझी फुफ्फुसं सुजली तेव्हा? गुरुवारचा खिमा तेवढा ओळखतात ती."

"खिमा तर ओळखतात ना," एर्मेते म्हणाला. ओनोरिनाने बॅगेची चेन ओढली.

सुनावणीला सगळे गाव बसने शहरात गेले. मफलर, डबे, दारूच्या बाटल्या, मास्तरांच्या हातात कायद्याचे पुस्तक. बस दुकानासमोर एर्मेतेला घ्यायला थांबली, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या; पण तुल्लियोने आपल्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर कोट ठेवला होता, तो त्याने उचलला नाही.

तीन न्यायाधीश होते. फुटबॉल महासंघाच्या बाजूने एक किडकिडीत बाई उभी राहिली, आवाज इतका बारीक की मागच्या रांगेतली माणसे कान पुढे करू लागली. स्कार्पारींनी एर्मेतेला उभे केले. एर्मेतेने पाठ केल्याप्रमाणे सांगितले. शर्यतीचा घोडा, इंजेक्शन, मला ठाऊक नव्हते, चूक माझी, पोरांची नाही. त्याने एक शब्दही गाळला नाही. आमच्या बाजूच्या बाकांवर बायका डोळे पुसू लागल्या. याच बायका गेले दीड महिना दुसरीकडून मांस आणत होत्या.

"महासंघ साक्षीदाराचं म्हणणं मान्य करतो," ती बाई म्हणाली.

आमच्या लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मास्तरांचे पुस्तक खाली पडले.

"फक्त एक," बाई पुढे म्हणाली. "साक्षीदार म्हणाले, मांस सगळेच खात. म्हणजे सगळ्यांच्याच अंगात ते औषध असणार. तेव्हा ज्यानं ज्यानं ते खाल्लं, त्याला पुरी तपासणी होईस्तोवर खेळता येणार नाही. सहा महिने धरा, जास्तही लागतील. माझी विनंती एवढीच की ज्यांनी खाल्लं त्यांची नावं नोंदवून घ्यावीत."

बाकीचे पंधरा खेळाडू मागे ओळीने बसले होते. त्यांतल्या निम्म्यांचे करार उन्हाळ्यात संपत होते. पहिला बोलावला तो गोलरक्षक.

"तुम्ही खाल्लंत?"

"नाही, मॅडम."

"एकदाही?"

"मी शाकाहारी आहे. सहा वर्षं झाली."

एर्मेतेने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. दुसरा आला. त्याला कच्च्याने पोटात कळ येते. तिसऱ्याच्या बायकोने घोडा पाळलाय. चौथा म्हणाला आहारतज्ज्ञाने मनाई केलीय, लेखी आहे. पाचवा नुसताच "नाही" म्हणाला आणि एर्मेतेकडे न बघता जाऊन बसला. पंधराच्या पंधरा. एर्मेतेच्या चेहऱ्यावर आधी हसू होते, की बघा पोरे कशी बंदी चुकवायला खोटे बोलतायत, हुशार आहेत. सातव्या-आठव्या खेळाडूपर्यंत त्याने ते कसेबसे टिकवले.

"म्हणजे," बाई म्हणाली, "अठरा जणांची परात तुम्ही तिघं संपवत होता. बरोबर, मारांगोन?"

डेनिस मारांगोन उभा होता. सहा फुटांचा गडी, पण बोटे एकमेकांत अडकवून शाळेतल्या पोरासारखा. त्याने फक्त "हो" म्हणायचे होते. क्लब सुटत होता, तो सुटत होता, फरशीवाला शेठ पुढच्या रांगेत हात जोडून बसला होता.

"बोला. तुम्ही हो म्हणालात की हे गृहस्थ बहुधा तुरुंगात जातील. पण तो माझा प्रश्न नाही."

डेनिसने एर्मेतेकडे पाहिले. एर्मेते त्याला मानेने खुणावत होता: म्हण, म्हण, हो म्हण.

"नाही," डेनिस म्हणाला. "मांसात काही नव्हतं. क्लबच्या डॉक्टरनं सुई दिली. आम्हाला ठाऊक होतं."

"आणि मांस?"

"ते... ते कोणीच खात नव्हतं, मॅडम."

"अरे!" एर्मेते ओरडला.

"काका दारात उभा असायचा," डेनिस खाली मान घालून बोलू लागला. "म्हणून पहिला घास तोंडात घ्यायचो. तो विचारायचा कसंय, आम्ही माना डोलवायचो. तो गेला की थुंकायचो. उरलेलं पिशवीत भरून मैदानामागच्या कालव्यात. मी यायच्या आधीपासूनचं आहे हे. मला जुन्या खेळाडूंनी शिकवलं. नवा पोरगा आला की त्याला पहिल्या दिवशी दोनच गोष्टी सांगतात, पेनल्टी कोण मारतं आणि काकाची पिशवी कुठं असते."

"मग त्यांना सरळ सांगितलं का नाही?"

"कसं सांगणार?" डेनिस म्हणाला. "त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं हो, आम्ही खाताना."

एर्मेते उठून पुढे गेला. शिपायाने अडवले, तर त्याला ढकलून गेला. "खोटं बोलतो तो, साहेब! सगळे खात होते! मी बघितलंय माझ्या डोळ्यांनी! मांसात औषध होतं, मीच घातलं, माझ्या हातानं घातलं! मला आत टाका!"

"खाली बसा," मधले न्यायाधीश म्हणाले. "तुम्ही निर्दोष आहात."

"मला नको निर्दोष! लिहा, गुन्हेगार आहे म्हणून लिहा! अहो, मांड्या बघा त्याच्या! त्या मांड्या कुठून आल्या मग?"

"सुईतून," ती बाई म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज सगळ्यांना नीट ऐकू आला.

गुण कापले गेले, क्लब खाली गेला, शेठने त्याच आठवड्यात हात वर केले. डॉक्टर परदेशात मेव्हण्याकडे विश्रांतीला गेला तो अजून थकलेलाच आहे. तिघांना दोन-दोन वर्षे बंदी. परतीच्या बसमध्ये डेनिसला भित्रा, गद्दार, विकला गेलेला असे सगळे म्हणून झाल्यावर लोक एर्मेतेकडे वळले. "खातात की नाही एवढंसुद्धा कळलं नाही तुला?" तुल्लियो म्हणाला. एर्मेते खिडकीकडे तोंड करून बसला होता. बाहेर धुक्यात काही दिसत नव्हते.

नमुने स्वच्छ निघाले. मोहर निघाली, खटला निकालात निघाला, ओनोरिनासुद्धा परत आली. म्हणाली, बहीण घोरते. गावही हळूहळू परतले. "आम्ही कधी विश्वास ठेवलाच नव्हता," असे म्हणत मास्तर झानेल्ला पहिल्यांदा आले. एर्मेतेने एका बशीत चमचाभर कच्चा खिमा घालून त्यांच्यापुढे सरकवला.

"हे काय?"

"खा."

"घरी जाऊन खातो की."

"इथं. माझ्यासमोर. आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखवायचं. जीभ वर करून."

मास्तरांनी जीभ वर केली. त्या दिवसापासून आमच्याकडे मांस हे असेच मिळते. बायका दुकानात ओळीने उभ्या राहतात, घास घेतात, आ करतात. एर्मेते बॅटरी मारून गालांच्या आत बघतो, मग पुडा देतो. पाद्रीबुवांनाही सूट नाही. ओनोरिना म्हणते, होईल कमी हळूहळू. अजून झालेले नाही.

वसंतात एका दुपारी दुकान रिकामे असताना डेनिस मारांगोन आला. दोन महिन्यांत त्याच्या मांड्या निम्म्या झाल्या होत्या. चुलत्याच्या गोदामात पोती उचलत होता. तो दारात उभा राहिला. ओनोरिना चटकन उठून मागे गेली.

"काका, मला..."

एर्मेतेने हात वर करून त्याला गप्प केले. ताजे मांस काढले, दोनदा दळले, लिंबू पिळले, तेल घातले, मिरपूड कुटली. बशी भरली, चमचाभर नव्हे, पुरती भरली, आणि गल्ल्यावर ठेवली. डेनिस उभ्याउभ्या खाऊ लागला. घासामागून घास, प्रत्येक घास चावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बशी रिकामी झाल्यावर न सांगता त्याने तोंड उघडले. एर्मेतेने बॅटरी घेतली, डावा गाल बघितला, उजवा गाल बघितला, जिभेखाली बघितले.

"मस्त आहे, काका," डेनिस म्हणाला. "देवाशपथ, मस्त आहे."

एर्मेतेने बॅटरी विझवली.

"हेच तेव्हा त्या बाईला म्हणाला असतास," तो म्हणाला, "तर आज मी तुरुंगात सुखानं बसलो असतो."